वर पाच, खाली पाच

— नाही, तिथं नका बसू वकीलबाई, त्या टोपलीत ओले पंचे आहेत, पॅन्ट भिजेल तुमची — इकडे या, पंख्याखाली, हा स्टूल घ्या. आणि तो साक्षीचा कागद मांडीवरच राहू द्या, टेबलाला पाणी लागलेलं असतं. वाचलाय मी. दोनदा वाचलाय, काल तुमच्या ऑफिसातला माणूस देऊन गेला तेव्हा एकदा, आणि आज सकाळी मशिनं लावल्यावर एकदा. सही करायची ना, करते की, नाही कुठं म्हणतेय — फक्त ही एवढी टोपली घडी होऊ द्या. पाच वाजता शाळेची बाई गणवेश न्यायला येते. हात चालू असले की मला बोलता येतं, हात थांबले की तोंडही थांबतं. म्हणून तर हे काम धरलं. डॉक्टरीण म्हणाली होती, असं काम बघा ज्यात हाताला काहीतरी लागेल, कापड, पीठ, माती. इथं मारिकिनात चपला शिवायचं काम ढीगभर मिळतं, पण ते पुन्हा डोळ्यांचं. डोळ्यांचं काम नको झालंय मला. त्यापेक्षा हे बरं — मळलेलं येतं, धुऊन जातं, कुणाचं काय ते आपण विचारायचं नाही. पाव घ्या ना. त्या कागदाखाली झाकलेत, सकाळचेच आहेत, कॉफीत बुडवले की मऊ होतात.

पहिल्यापासून सांगू म्हणता. फोनवर सांगितलं होतं सगळं — पण बरं, कोर्टात कंपनीचा वकील उलटंसुलटं विचारणार, तेव्हा अडखळायला नको, तुमचंही खरंय. तर सहा वर्षांपूर्वी मी मनिलात कुबाओला त्या इमारतीत होते, अकराव्या मजल्यावर, सकाळच्या पाळीला. काम काय, तर त्या गप्पांच्या ॲपवर कुणी कुणाची तक्रार केली की ती आमच्या पडद्यावर यायची. एक तक्रार म्हणजे एक तिकीट. कोपऱ्यात आकडा उलटा पळायचा, अडतिसापासून शून्यापर्यंत. अडतीस सेकंदांत वाचायचं, बघायचं आणि तीनपैकी एक बटण दाबायचं — काढून टाका, वर पाठवा, नाहीतर ‘काही नाही’. आणि बघायचं तरी किती, तर ज्याची तक्रार आलीय त्या ओळीच्या वरच्या पाच ओळी, खालच्या पाच ओळी. वर पाच, खाली पाच. सहावी ओळ दिसायची नाही. मी विचारलं होतं हो, सुरुवातीला, की जरा वर सरकवून बघता आलं तर बरं होईल. आमचा टीम लीडर डेक्स्टर हसला. म्हणाला, लोकांचं खाजगी आयुष्य आहे वेंग, आपण काय चोंबड्या शेजारणी आहोत का. मी पुढचं तिकीट उघडलं. पण शेजारीणच असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं. चोंबड्या शेजारणीला अकरा महिने लागले नसते.

हे लिहून घेतलंत? नका घेऊ, बरं.

आता जिचा खटला आहे त्या पोरीच्या तिकिटाचं सांगते. कागदावर तुम्ही तिचं नाव घातलं नाहीत, नुसतं अक्षर घातलंय, ते चांगलं केलंत. मी मनात तिला पोरच म्हणते. अकरा वर्षांची होती तेव्हा, आता सतरा. तिकडं तुमच्या बाजूच्या कुठल्याशा बेटावर, मावशीच्या घरी. आणि तो माणूस परदेशात. मावशी त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलत होती, ते मला दिसलं — वरच्या पाच ओळी. खोका पोचला, पोर खूश आहे, नवे बूट घालून नाचते आहे, पपाला थँक्यू म्हणतेय, शाळेतून आली की कॅमेऱ्यासमोर बसवते. एवढंच. खालच्या पाच ओळी त्याच्या — माझं गुणी बाळ, पपा वाट बघतोय, असलंच काहीबाही. कुठं वावगा शब्द नाही. आता तुम्ही सांगा, ह्यात काय दिसतं? दुसऱ्या देशातल्या माणसाला दिसलं असतं, त्याच्या कपाळाला आठी पडली असती, की परका पुरुष, पोर, कॅमेरा, भेटवस्तू. पण मी इथली. इथं निम्म्या घरांत पपा परदेशात असतो, पोर मावशीकडे असतं, आणि वर्षातून एकदा खोका येतो. साबण, चॉकलेट, बूट, कॉर्न्ड बीफचे डबे. खोका उघडला की सगळ्या घराला साबणाचा वास. माझ्यासमोर दिवसाला तशी शंभर घरं यायची. माझं घरही तसलंच होतं. मी वास घेतला हो, वाचलं कुठं. पडद्यावरून मला साबणाचा वास आला.

माझे वडील सौदीत दम्माममध्ये वेल्डर होते, चौदा वर्षं. आई मला जन्म देऊन गेली. मावशीनं वाढवलं — चारिंग मावशी. तेव्हा फोन कुणाला परवडतोय, कॅसेट पाठवायची पद्धत. मावशी मला टेपरेकॉर्डरसमोर बसवायची, केस विंचरून, जणू कॅसेटला केस दिसणार आहेत. म्हण, पपा, बूट आवडले. म्हण, पपा, मी पहिली आले. मी म्हणायची नाही. ज्या माणसाला मी दोनदा पाहिलंय त्याला काय म्हणू? मग मावशी दंडाला चिमटा काढायची, आणि मी म्हणायची. वडील म्हातारपणी परत आले तेव्हा एकदा म्हणाले, पोरी, त्या कॅसेटवर तुझ्या आवाजात चिमटा ऐकू यायचा. एवढं एकच वाक्य त्यांचं मला आवडलं. बाकी आमचं कधी जमलं नाही.

हे का सांगतेय मी? हां — तर पोरीनं तक्रार केली, स्वतः केली, ‘काय झालं ते लिहा’ त्या चौकोनात तीन शब्द लिहिले. ते बिसायात, तुमच्या बेटांकडच्या भाषेत. पडद्यावर वर लिहिलेलं, भाषा फिलिपिनो. आता आपल्या देशात किती भाषा, पण कंपनीच्या यादीत एकच. भाषा फिलिपिनो, वाचणारी फिलिपिनो, मग भाषांतर कशाला द्यायचं — तो रकाना रिकामा. आणि मी मनिलाची, तागालोग बोलणारी. तुमच्या कागदावर चौदाव्या कलमात आहे ते, ‘साक्षीदारास बिसाया भाषा अवगत नव्हती व हे कंपनीस ठाऊक होते’. बरोबर आहे. फोनवर मीच तसं सांगितलं. अडतीस सेकंद संपत आले, मी ‘काही नाही’ दाबलं. तिची पहिली तक्रार मशिननंच बंद केली होती, दुसरी माझी, तिसरी म्हणे कुठल्या तरी तिसऱ्याच देशात गेली, तिथल्यानं भाषांतराच्या यंत्रात घातली आणि सोडून दिली. तीन तिकिटं, तीन हात, एकाला दुसऱ्याचं माहीत नाही. फक्त कंपनीकडे तिन्ही एका जागी होती. काखेत कळसा न् गावाला वळसा. पण वळसा तरी कुठं घातला त्यांनी. माझ्या बटणानंतर अकरा महिने चाललं ते. अकरा महिन्यांनी त्या माणसाला त्याच्याच देशात दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात धरलं, म्हणून हे बाहेर आलं. नाहीतर —

कंपनी काय म्हणते ते मी पेपरात वाचलं. आम्ही नुसता रस्ता बांधलाय, रस्त्यानं चोर गेला तर बांधणाऱ्याला धरणार का? ऐकायला कसं गोड आहे. पण रस्त्यावर चौकी त्यांनीच बसवली ना. पाटी लावली ना, की इथं मुलांची काळजी घेतली जाते. त्या चौकीत मला बसवलं, डोळ्याला झापडं बांधून, आणि वर पुन्हा सांगायचं, ती बाई आमची नव्हेच, कंत्राटदाराची आहे. कोर्टात मात्र म्हणे, प्रशिक्षित माणसानं तपासलं होतं. म्हणजे चांगलं झालं तर माणूस त्यांचा, वाईट झालं तर कंत्राटदाराचा. प्रशिक्षण म्हणजे काय, चार दिवस, शेवटच्या दिवशी केक. आणि तिकडं लांब बसून उंटावरून शेळ्या हाकणारे जे होते, त्यांनी कधी एक तिकीट उघडून — घ्या, घ्या फोन, मी गप्प बसते. माझ्या घड्या होतायत.

— झालं? असू द्या हो, पुलावर ट्रकच आडवा झाला तर ड्रायव्हर तरी काय करणार. अर्धा तास म्हणतोय म्हणजे तासभर धरा. त्यापेक्षा त्याला म्हणावं, बायकोला दवाखान्यातून आधी घरी सोड आणि मग ये, ती बिचारी ओली बाळंतीण तिथं बाकावर —

काय झालं?

अशा काय बघताय?

...हो. बिसायात बोलत होता तुम्ही. हो, बरोबर.

...

बसा. बसा खाली. स्टूल पाडलात. जाऊ द्या, मी उचलते. कागद राहू द्या, त्यावर पाय देऊ नका. बसा ना. एवढा वेळ बसलात, आता जे खरं ते ऐकायला बसा.

चारिंग मावशी बोहोल बेटावरची. घरात बिसायाच. मी अ आ ई शिकले ती त्या भाषेत. ती मला ‘इन्दाय’ म्हणायची, लाडानं, तुमच्याकडे म्हणतात तसंच. पहिलीत एकदा तिनं शाळेच्या फाटकातून हाक मारली, इन्दाय, डबा राहिला. झालं. सगळा वर्ग इन्दाय, इन्दाय. टीव्हीवरच्या प्रत्येक मालिकेत मोलकरीण बिसायाच असते ना, ‘ओ’चं ‘उ’ करून बोलते आणि लोक हसतात. त्या दिवसापासून मी घराबाहेर तो शब्द तोंडातून काढला नाही. मावशीला रस्त्यात तागालोगमध्ये उत्तर द्यायची. कुबाओच्या नोकरीच्या अर्जावर विचारलं होतं, कुठल्या भाषा येतात. मी लिहिलं, तागालोग, इंग्रजी. दोनच. सदतीस वर्षांची बाई, आणि पहिलीतल्या पोरांना भ्यायले. म्हणजे बघा, कंपनीकडे बिसाया वाचणारी होती. त्यांना माहीत नव्हतं, एवढंच. ते मीच कळू दिलं नाही.

तर मी वाचलं. तीन शब्द, वाचायला काय लागतं? दिलि नाको पापा. अडतिसातला एक सेकंद. ‘माझा पपा नाही.’ आणि वकीलबाई, मला हसू आलं. ऐकताय ना — हसू आलं मला. म्हटलं, बाई गं, तूही का? मीही म्हणायची ना तेच, टेपरेकॉर्डरसमोर, मावशीच्या तोंडावर, रडत, हा माझा पपा नाही, मी नाही बोलणार. रुसलंय पोर, म्हटलं. पपा खोटारडा निघाला नाताळला, यायचं कबूल करून आला नाही, आणि आता ही रागानं त्याची तक्रार करतेय. पोरं करायची हो तसं, आईबापांचीसुद्धा तक्रार ठोकायची. मी मनात म्हटलं, बोल गं बाई, बूट आवडले म्हण आणि सुटका करून घे. आणि दाबलं बटण. घाईनं नव्हे. मायेनं दाबलं. चौदा सेकंद शिल्लक होते. तेवढे गुण जास्त मिळाले मला त्या दिवशी.

पाव खा थोडा. चेहरा उतरलाय तुमचा.

आणि एवढ्यावर असतं तरी मी गप्प बसून सही केली असती बहुतेक. खोटं बोलायला मी कचरत नाही, कंपनी बोलतेच आहे. पण आज सकाळी तुमचा कागद पुन्हा वाचला. चौदाव्या कलमाखाली तुमच्या टायपिस्टनं पोरीचे शब्द घातलेत. ते तोडून लिहिलेत. नाको असं नाही, ना — को. मध्ये मोकळी जागा. तुम्ही तिकडच्या, तुम्हाला सांगायला नको, पण मलाच एकदा तोंडानं म्हणू द्या. जोडून लिहिलं तर ‘माझा पपा नाही’. तोडून लिहिलं तर ‘आता नको, पपा’. मला नको आता. बस करा.

पोरं कुठली जागा सोडतात मध्ये. घाईत लिहिलं असेल, दाराकडे बघत लिहिलं असेल. तुम्ही तिला विचारूनच तोडून घातलंत ना? ... हं. वाटलंच. म्हणजे ती रुसली नव्हती, ती विनवत होती. सहा वर्षं मी समजत होते की मी बरोबर वाचलं आणि चूक अर्थ लावला. मी वाचलंही चूकच. सकाळी धुण्याचं मशिन चालू होतं, त्याला टेकून उभी राहिले. फिरत होतं तोवर उभी होते.

तुम्ही काय विचार करताय तेही मला कळतं. तोंडावर लिहिलंय तुमच्या. ह्या बाईला वाचता येत होतं म्हटल्यावर चौदावं कलम गेलं. कंपनीचा वकील उभा राहणार, म्हणणार, युअर ऑनर, वाचणारी होती, समजणारी होती, आमच्या व्यवस्थेत काही खोट नाही, खोट ह्या बाईत आहे. सगळं माझ्या डोक्यावर, आणि ते हात झटकून मोकळे. खोटं बोलले तर पोरीचा फायदा, खरं बोलले तर कंपनीचा. असली पाळी कुणावर येऊ नये. मी सकाळपासून तेच घोळवतेय. म्हणून तर म्हटलं, टोपली होऊ द्या. टोपली कधीच संपली होती, तुमच्या लक्षात आलं नाही, मी तेच गणवेश उलगडून पुन्हा घडी घालतेय.

सही करूनच टाकणार होते हो मी. तुमचा फोन वाजला नसता तर करूनही टाकली असती.

पण मग तुमचं ते आठवतं. फोनवर म्हणाला होतात, तिला पैसा नको, माफी नको, ती एकच विचारते — मी लिहिलं ते कुणी वाचलं का? आणि ह्या कागदानं तुम्ही तिला काय सांगणार? की वाचणारीला तुझी भाषाच येत नव्हती. म्हणजे तिनं भिंतीला सांगितलं. म्हणजे तिची बोली हाच तिचा गुन्हा. नाही हो. तेवढं नको. मी ते एकदा केलंय, फाटकाशी उभं राहून, डबा घेऊन आलेल्या बाईला. पुन्हा नाही करायचं.

तेव्हा ते कलम काढा. पेन आहे ना, मारा काट. आणि लिहा — रोवेना दिमाकुलांगन हिला वाचता येत होतं. तपासनीस क्रमांक नको, वेंगही नको, पूर्ण नाव लिहा. तिनं वाचलं आणि चुकली. तिला अडतीस सेकंद दिले होते, त्यातले चोवीस तिनं घेतले. तिला वर पाच ओळी दाखवल्या, खाली पाच. आणि खाली लिहा, की बाकीच्या ओळी कुणाकडे होत्या? सहावी ओळ कुणाकडे होती? पहिली तक्रार, तिसरी तक्रार कुणाकडे होती? मी चुकले ती एका मोकळ्या जागेसाठी. त्यांच्याकडे अकरा महिने होते. खटला त्यानं पडत असेल तर तुम्ही तो असा उभा करा की पडणार नाही, ते शिक्षण तुमचं आहे, माझं नाही. मला मधे घालून ते सुटतील म्हणून मला आंधळी करू नका. मला विचारू द्या की त्यांना. कोर्टात विचारू द्या, तागालोगमध्ये नाही, बिसायात विचारीन. आणा म्हणावं भाषांतरकार, आता तरी आणा.

आणि पोरीला सांगा, वाचलं होतं. एका बाईनं. ... काय सांगाल पुढं? ... नाही, तेवढंच. पुढचं मी सांगेन, ती ऐकणार असली तर. नसली तरी बरोबर आहे तिचं.

तुम्हाला आठवतंय ना, आपल्यात ते दोन्ही बोलताना वेगळं होतं. ‘माझा’ म्हणताना शेवटाला घसा अडतो, जरासा, आवंढा गिळल्यासारखा. ‘आता नको’ म्हणताना अडत नाही, उघडाच राहतो. कागदावर तो घसा दिसत नाही. कॅसेट असती तर मला कळलं असतं. दिलि ना को, पापा. ... ऐकलंत? लहान मूलसुद्धा चुकणार नाही.

... हॉर्न वाजला. तुमचीच गाडी. जा, त्याची बायको आत बसलेली असेल तर उशीर नका करू. कागद पुन्हा टाइप करून आणा, मी इथंच असते. स्टूल राहू द्या तिथंच. जा.